झाडपाल्याला कुठला साइड इफेक्ट

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून कॅप्सूल सुरू. नणंद म्हणाली, वहिनी, रोज दोन ओळी लिहून ठेवत जा, म्हणजे गुण कसा चढत गेला ते कळतं. मी म्हटलं, चौथी पास बाईला कसली रोजनिशी. पण जावयाने दिलेली मागच्या सालची डायरी कोरी पडली होती. वार चुकलेत, तारखा बरोबर आहेत. कोणाला वाचायला द्यायची नाही, त्यामुळे अक्षर कसंही चालेल.

दुखणं काय ते लिहिते. उजवं मनगट, उजवा खांदा, दोन्ही गुडघे. कारण हॉटेलच्या लाँड्रीत बावीस वर्षं उभ्याने इस्त्री. रात्री हात उशाला घेतला तर ठणकतो, बाजूला ठेवला तर जास्त ठणकतो.

मे महिन्यात लेक बाळंत होणार. दवाखान्यातून इथेच येणार, माझ्याकडे. बाळाची अंघोळ मीच घालणार. विहीणबाईंनी मध्ये लुडबुड केली होती, मी घालीन म्हणून. मी तोंडावर सांगितलं, तुमचे हात थरथरतात, कपातला चहा बशीत येतो, बाळ कुठे येईल? त्यांनी कप खाली ठेवला. तेव्हा मे महिन्यापर्यंत माझे हात ठणठणीत पाहिजेत. नाहीतर त्या बाईला हसायला कारण मिळेल.

डॉक्टरकडे जाणार नाही. त्यांच्या गोळ्यांनी एक बरं होतं, दोन बिघडतात. ही कॅप्सूल झाडपाल्याची आहे. डब्यावर हिरवं पान आहे. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, साइड इफेक्ट नाही. मागे बारीक अक्षरात बरंच काही आहे. चष्मा सापडला नाही.

नणंद आमच्याच लाँड्रीत घडीच्या टेबलावर असते. तिला तिथे चिकटवली मीच. जेवणाच्या सुट्टीत डबे विकते. आयुष्यात तिचं एक ऐकलं नाही. हे ऐकते कारण हे तिचं म्हणणं नाही, छापलेलं आहे.

१० फेब्रुवारी
रोज एक घ्यायची आहे. घेतेय. फरक शून्य. नणंदेला म्हटलं, हे काय, पाणी विकतेस का? म्हणाली धीर धरा वहिनी, झाडपाला हळू चढतो.
मला हळू जमत नाही. भाजीला मीठ कमी पडलं तर आपण आणखी घालतो, वाट बघत बसत नाही. उद्यापासून सकाळी एक, रात्री एक. गुडघे दोन आहेत, त्या हिशोबानेही दोनच बरोबर.

१६ फेब्रुवारी
पोट बिघडलं. ड्युटीवरून चार वेळा पळावं लागलं. सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभा. त्याला म्हटलं, बघतोस काय, तुला पोट नाही का? नणंद म्हणाली, घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय. बावीस वर्षांची आहे, वेळ लागणारच.
हे तिचं पटलं. औषध लागू पडतंय म्हणूनच त्रास होतोय. डोकंही दुखतंय. डोक्यातलीही पडत असणार.
दोनाच्या तीन केल्या. एकदाच काय ते निघून जाऊ दे.

३ मार्च, दुपारी, सुट्टीत
बोटांना मुंग्या येतायत. पायाच्याही. बसलेली असो, उभी असो, सारख्या येतात. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघ बाई. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर वर-खाली करून घरी आले की दोनच शब्द उरतात. बघ आणि बाई.
नणंद म्हणाली, नसा जाग्या होतायत.
झोपलेला हात जागा होताना मुंग्या येतात, हे लहान पोरालाही माहीत आहे. मग बरोबरच आहे. माझा तर अख्खा हात बावीस वर्षं झोपला होता.

१२ मार्च
मनगट दुखत नाही!
पुन्हा लिहिते. मनगट दुखत नाही. सकाळी उठले, हात वाकवला, फिरवला, भिंतीला टेकवून दाबला. काही नाही. गुडघ्यातही फक्त पिठाची पोती बांधल्यासारखं जड वाटतं, ठणका नाही.
लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं. नणंदेचे पाच डबे उभ्या उभ्या खपले. मला म्हणाली, वहिनी, तुम्ही माझी चालतीबोलती जाहिरात आहात. मी म्हटलं, जाहिरातीला काही मिळतं का? हसली नुसती.
डॉक्टरकडे गेले असते तर आत्तापर्यंत मशीनमध्ये घालून फोटो काढले असते.

२० मार्च
एक तक्रार. माझी इस्त्री जुनी झालीय, तापतच नाही. इस्त्रीच्या बटणावरचे आकडे केव्हाच पुसून गेलेत. नव्या पोरी तरी त्या पुसलेल्या आकड्यांकडे टक लावून बघतात. मी बोट थुंकीने ओलं करते आणि इस्त्रीच्या तळाला टेकवते. किती चावलं त्यावरून कळतं, सुती, सिल्क, का अजून थांब. चर्र आवाजही येत असेल, पण आमच्या खोलीत धुलाईची मशीनं अशी धडधडतात की स्वतःची शिवी स्वतःला ऐकू येत नाही. माझं बोट हेच माझं मीटर. बावीस वर्षांत एक कपडा जाळला नाही. पूर्वीचा सुपरवायझर नवीन बायकांना माझं बोट बघायला पाठवायचा.
तर हल्ली इस्त्री चावतच नाही. रोज बटण थोडं थोडं पुढे न्यावं लागतं. सुपरवायझरला सांगितलं. त्याने दुसरी इस्त्री दिली.
तीही थंड. हल्ली सामानच हलकं येतं.

२४ मार्च
बसमधून उतरून फाटकापर्यंत चालत आले. वॉचमन म्हणाला, मावशी, एक चप्पल कुठे? खाली बघितलं. डावा पाय अनवाणी. चप्पल बसमध्येच राहिली, मला कळलंच नाही.
चपला सैल झाल्या होत्या. पट्ट्याच्या घ्यायच्या.
ब्लाउजचे हूक लावायलाही वेळ लागतो हल्ली. हूक बारीक करायला लागलेत. कापडात चोरी, हुकात चोरी.

३० मार्च, रविवार
लेक येऊन गेली. पोट केवढं आलंय. चालते बदकासारखी. जावई बाहेर गाडी लावत होता तेवढ्यात मी डबा काढला आणि म्हटलं, तू पण एक घे, कंबर दुखते म्हणतेस ना. झाडपाल्याचं आहे, बाळालाही टॉनिक.
तिने डबा हातात घेतला आणि मोबाईल त्याच्यावर धरून मागची बारीक अक्षरं मोठी केली. मोठ्याने वाचली. गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. दिवसातून एकापेक्षा जास्त घेऊ नये. इतर आजार असल्यास डॉक्टरांना विचारावे. मग मला विचारलं, आई, तू किती घेतेस?
मी म्हटलं, पुढे बघ काय लिहिलंय, साइड इफेक्ट नाही. म्हणाली, आई, पुढचं विकणाऱ्याने लिहिलंय, मागचं वकिलाने.
मी म्हटलं, महत्त्वाचं असतं तर बारीक लिहिलं असतं का? आमच्या लाँड्रीत धोका लिहिलंय ते दारभर लिहिलंय.
मग तिने माझा हात धरला. बोटांची टोकं बघितली. म्हणाली, हे फोड कसले? एक फुटलाय आई, पाणी येतंय, दुखत नाही का?
मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही. सगळं दुखणं गेलंय.
ती माझ्याकडे बघत राहिली. आनंद नाही, काही नाही. म्हणाली, आई, बंद कर हे आणि डॉक्टरांना हात दाखव. मला सांग दाखवलंस की. मी म्हटलं, दाखवीन.
गरोदरपणात बायकांचा स्वभाव किरकिरा होतो. माझाही झाला होता. तिच्या वेळीच.

७ एप्रिल
आज एका गिऱ्हाइकाचा शर्ट गेला.
पांढरा, परदेशी, मऊ. बोट टेकवलं, चावलं नाही, बटण पुढे नेलं. पुन्हा टेकवलं, नाही चावलं, आणखी पुढे. मग पाठीवर इस्त्री ठेवली. उचलली तर पाठीवर इस्त्रीचं चित्र. तपकिरी. टोकासकट.
बाजूच्या पोरीने नाक धरलं. जळका वास सगळीकडे गेला होता म्हणे. मला उशिरा आला.
सुपरवायझर आला. ओरडला नाही. शर्ट उजेडाकडे धरला आणि म्हणाला, मावशी, हे तुम्ही केलंत? जसं काही शर्टालाच विचारतोय. मी म्हटलं, आजकाल कापडात प्लास्टिक घालतात, त्याला मी काय करू? तो म्हणाला, मावशी, तुमच्या बोटाची साल निघालीय.
बघितलं. निघाली होती.
मलम लावलं. कुठे लावायचं ते बघून लावावं लागलं.

८ एप्रिल
कापडात प्लास्टिक असतं हे खरं आहे. ह्यांनी पण ऐकलंय.

२३ एप्रिल
आज पडदा गेला. हॉटेलच्या मोठ्या हॉलचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.
सुपरवायझरने मला घडीच्या टेबलावर बसवलं. म्हणाला, मावशी, तुम्ही बावीस वर्षं उभ्या राहिलात, आता बसा. मान देऊन बोलला. मी पण मान देऊन घेतला. म्हणजे बढतीच की. स्टूल आहे, वर पंखा आहे.
फक्त समोर नणंद आहे. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. दिवसभर तिच्याकडे चालत जायचं आणि मागे यायचं, लग्नात नाचल्यासारखं. म्हणाली, वहिनी, चादर सुटली तुमच्या हातातून. म्हटलं तूच ओढलीस. पुन्हा सुटली. म्हटलं ओढू नकोस. ती म्हणाली मी तर धरून उभी आहे नुसती.
माझ्या इस्त्रीवर नवीन पोरगी आहे. आकडे पुसलेले बघते आणि मग बोट लावते. माझ्यासारखं. कोणी शिकवलं तिला, मीच. लावल्याबरोबर हात झटकते आणि आई गं म्हणते. इतकं नाजूक असून कसं चालेल.

५ मे
संकल्प. लेक येईपर्यंत तीनाच्या दोन करायच्या. घाबरून नाही. तब्येत सुधारलीय म्हणून. बरं झालं की औषध कमी करतात, हे डॉक्टरही सांगतात.
लेकीला फोनवर सांगितलं, डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ठीक आहे. कुठल्या डॉक्टरांना ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

६ मे
दोन घेतल्या. संध्याकाळी पाय जड वाटले म्हणून तिसरी घेतली. उद्यापासून दोन.

२१ मे
मुलगी झाली. दोघी ठीक.
काचेतून बघितली. लाल, चिडलेली, मुठी आवळलेली. लेक म्हणाली, आई, तुझ्यावर गेलीय. मी म्हटलं, बिचारी.
विहीणबाई आल्या होत्या. हात थरथरतच होते. बाळाला घेतलं तेव्हा मात्र थरथरले नाहीत. योगायोग.
ह्यांनी बाळाकडे बघितलं आणि म्हणाले, बघ बाई. पण वेगळ्या आवाजात.

१ जून
आल्या घरी. सगळी खोली दुधाच्या वासाने भरलीय. नवा टब आणलाय, पिवळा. साबण आणलाय. टॉवेल धुऊन, वाळवून ठेवलेत. इस्त्री ह्यांच्याकडून करून घेतली, मला वेळ नव्हता.
उद्या सकाळी पहिली अंघोळ. लेक म्हणाली, आई, मी करते ना, तू नुसती जवळ बस. मी म्हटलं, तुला सहा महिन्यांची होईपर्यंत कोणी घातली? मुकाट्याने बस.

२ जून, दुपार
सकाळी सगळं तयार केलं. टबात गरम ओतलं, गार ओतलं. हात घालून ढवळलं. कोमट. मनगटापर्यंत घातला. कोमट. बावीस वर्षं वाफेत उभी आहे मी, पाणी मला कोणी शिकवू नये.
म्हटलं, आण तिला.
लेक बाळाला खांद्यावर घेऊन आली. म्हणाली, आई, एक मिनिट. वाकली आणि आपलं कोपर पाण्यात बुडवलं.
लगेच वर काढलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. कोपर लाल झालं होतं. नळाखाली धरलं. बाळ खांद्यावर तसंच, झोपेत. मग त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. कडी लावली नाही. नुसतं लोटलं.
मी पुन्हा हात घातला, कोपरापर्यंत. कोमटच होतं.
टबाजवळ बसून राहिले. पाण्यातून वाफा निघत होत्या. त्या दिसत होत्या. मघाशीही दिसत असणार.
हात बाहेर काढला तर कोपराखाली मोजा घातल्यासारखा लाल.
पाणी ओतून दिलं. टब धुतला. स्वयंपाक केला. आमटीत मीठ बरोबर होतं, असं हे म्हणाले.

३ जून
गिझर बिघडलाय. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. झाकण उघडून बघितलं, म्हणाला ठीक आहे. मी म्हटलं, नीट बघ. म्हणाला, मावशी, गिझर एकदम ठीक आहे. मी म्हटलं, तापतो जास्त आणि लागतो कमी. असं कसं होईल, म्हणाला तो, आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी त्याला पाणी विचारलं आणि खालपर्यंत पोचवायला गेले.
लेक कालपासून माझ्याशी चांगलं बोलते. जेवलीस का आई, बस ना आई. हे लक्षण चांगलं नाही.

६ जून
दवाखान्यात गेले. स्वतःहून नाही. लेक म्हणाली, आई, तू आली नाहीस तर मी बाळाला घेऊन सासरी जाते. भांडून नाही म्हणाली. वरण गॅसवरून उतरव म्हणावं तसं म्हणाली. म्हणून गेले.
डॉक्टरीण तरुण आहे, केस बांधलेत घट्ट. मी डबा टेबलावर ठेवला आणि आधीच सांगितलं, झाडपाल्याचं आहे. ती म्हणाली, मावशी, कण्हेरही झाडच आहे.
मग म्हणाली, डोळे मिटा, हात पुढे करा. टोचेल तेव्हा सांगा. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. मी म्हटलं, अहो टोचा ना, मला घरी कामं आहेत.
म्हणाली, टोचून झालं मावशी. दोन्ही हात आणि दोन्ही पाय.
डोळे उघडले तर लेक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.
डॉक्टरीणबाईने सांगितलं ते असं. अशा डब्यांत पानापेक्षा भलतंच काही निघतं कधी कधी. शिसं असतं, नाहीतर एखादं व्हिटॅमिन हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. तेही जास्त झालं की नसा मरतात. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही. डबाही तपासायला पाठवते म्हणाली. मी विचारलं, मग दुखायचं कसं थांबलं? बरं वाटलं म्हणूनच ना? ती म्हणाली, मावशी, दुखणं गेलं नाही. कळणं गेलं.
येईल का परत? म्हणाली, आजपासून एकही घेऊ नका. काहींचं महिन्यांनी येतं थोडं थोडं. काहींचं पूर्ण येत नाही. तोपर्यंत गरम भांडी, इस्त्री, सुरी सांभाळून.
मी विचारलं, आणि बाळाची अंघोळ?
ती लेकीकडे बघून म्हणाली, तुम्ही मदतीला दुसरं कोणी बघा.
बाहेर आल्यावर लेक म्हणाली, आई, रड हवं तर. मी म्हटलं, कशाला? मला काही वाटत नाहीये. हे खरं होतं.

९ जून
लाँड्रीत नणंदेला सगळं सांगितलं. चादरीचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, मी तर रोज एकच सांगितली होती वहिनी. हे तिचं खरं आहे. आयुष्यात एकदा खरं बोलली तेही माझ्याच विरुद्ध.
मी विचारलं, तू किती घेतेस?
म्हणाली, मी नाही घेत. मला त्याने पित्त होतं.
मग तुझी घाण कशी बाहेर पडते, मी विचारलं.
चादर घडी करून गठ्ठ्यावर ठेवली तिने. मग म्हणाली, तुमच्यामुळे किती जणींनी घेतले होते डबे. आता सगळ्या परत आणून देतील. ह्या वयात मी काय करू?
तिच्या नाकावर चादर फेकून मारायला हवी होती. पूर्वी मारली असती. दुसरी चादर उचलली. तिने टोक धरलं.
जिने जिने डबा घेतला तिला मी स्वतः जाऊन सांगितलं, टाकून दे. इस्त्रीवरची पोरगी म्हणाली, पण मावशी, तुम्हाला तर गुण आला होता ना? तिला माझं बोट दाखवलं. तिने स्वतःचं बोट मुठीत लपवलं.

१३ जून
विहीणबाई येतात रोज सकाळी. अंघोळ त्या घालतात. पाय पसरून बसतात, बाळाला पायावर घेतात. पाण्यात आधी कोपर घालतात, मग लेकीला म्हणतात, तूही बघ गं. दोघी बघतात. मग मला म्हणतात, विहीणबाई, टॉवेल. मी टॉवेल देते.
हसल्या नाहीत एकदाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चार दिवस तयारी करून ठेवली होती काय बोलायचं त्याची.
बाळ त्यांच्याकडे रडत नाही.
सकाळी ब्लाउजचे हूक हे लावून देतात. आधी चष्मा लावतात. आज एक वर-खाली झाला तर पुन्हा सगळे काढले आणि पहिल्यापासून लावले. लिफ्टवालाच तो. बाहेरून दूधवाला हाका मारत होता, मारू दिल्या.

२० जून
रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईला जे वाटलं होतं तेच निघालं. तिने काय निघालं ते सांगितलं, लेकीने लिहून घेतलं. मी इथे लिहीत नाही, स्पेलिंग येत नाही.
संकल्प. १) कॅप्सूल नाही. २) डॉक्टरीणबाईच्या गोळ्या, मागची बारीक अक्षरं लेकीकडून वाचून घेऊन. ३) रोज सकाळी बोटांना कापूस लावून बघायचा. येतंय का काही.
आज आलं असं वाटलं. डोळे मिटून पुन्हा बघितलं. नव्हतं.

२८ जून
जास्त लिहिण्यासारखं नाही.
दुपारी लेक म्हणाली, आई, जरा घेतेस का हिला, मी अंघोळ करून येते. आत्तापर्यंत दिली नव्हती. मला खुर्चीत बसवलं, हाताखाली उशी, मांडीवर उशी, दोन्ही बाजूंनी उश्या. काचेचं सामान पाठवतात तसं पॅक केलं. मग बाळ दिलं. आणि अंघोळीला गेलीच नाही, दारातच उभी राहिली.
बाळ बघत होतं छताकडे. मग हात हलवला, माझ्या बोटापाशी आला, आणि बोट मुठीत घेतलं. तेच बोट. सालीचं बोट. नखं केवढीशी, भाताच्या शितासारखी. मुठीचा रंग पांढरा पडला होता आवळून.
लेक म्हणाली, आई, किती घट्ट धरलंय गं तिने. कळतंय का?
मी मुठीकडे नीट बघितलं आणि म्हटलं, हो तर. केवढा जोर आहे हातात.